लिनक्स व्हीएममध्ये नेट येत नाही? सेटिंग बदलण्याआधी हे तपासा

परीक्षा संपल्या की सोलापुरातली बरीच मुलं पुण्याच्या नोकरीची तयारी म्हणून लिनक्स शिकायला घेतात. लॅपटॉपवर विंडोज असतं आणि ते घालवायचं नसतं. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं, त्यात व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी संगणक) बनवायची आणि तिच्यात उबुंटू, नाहीतर रॉकी लिनक्स. इन्स्टॉलेशन व्यवस्थित पार पडतं. मग पहिल्यांदाच ‘सुडो एपीटी अपडेट’ (पॅकेजची यादी ताजी करणारी आज्ञा) दिलं की सगळं अडतं. विंडोजमध्ये नेट धो धो चालू आणि व्हीएममध्ये मात्र काहीच नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. ते सगळे व्हीएमवरच चालतात. त्यामुळे जुळे सोलापूर, विजापूर रोडकडची ओळखीची पोरं असा अडलेला लॅपटॉप घेऊन येतात. बहुतेक वेळा नेट एकाच जागी अडलेलं असतं, पण माझ्याकडे येईपर्यंत व्हिडिओ बघून पाच ठिकाणी बदल झालेले असतात. मूळ दोष शोधायला जेवढा वेळ लागत नाही, तेवढा हे बदल उलगडायला लागतो. म्हणून हा लेख एकाच नियमावर लिहिला आहे: नेट नेमकं कुठे थांबलंय ते आधी शोधा, आणि हात फक्त तिथेच लावा.

इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या लहान इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. ज्या लॅपटॉपवर व्हीएम चालते तो होस्ट आणि आत चालणारं लिनक्स ते गेस्ट, एवढं लक्षात ठेवा.

१. हाताशी काय हवं

- गेस्टमधला सुडोचा, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरसारखा, अधिकार असलेला यूजर आणि त्याचा पासवर्ड
- होस्टवर ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार, निदान एकदा तरी लागतोच
- मोबाइलचा हॉटस्पॉट
- वही-पेन, किंवा मोबाइलमधली नोंदवही
- काहीही बदलण्याआधी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता येईल अशी व्हीएमची त्या क्षणाची साठवलेली अवस्था

हॉटस्पॉट कशासाठी? कॉलेजच्या वायफायवर व्हीएम चालत नाही आणि हॉटस्पॉटवर चालते, असं दिसलं तर तुमच्या ॲडॅप्टरमध्ये (व्हीएमच्या नेटवर्क कार्डात) दोष नाही, त्या वायफायच्या नियमांमध्ये आहे. हे पाच मिनिटांत कळतं आणि निम्मी शोधाशोध वाचते.

स्नॅपशॉटबद्दल एक इशारा. व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉटमध्ये डिस्कबरोबर व्हीएमची सेटिंगसुद्धा साठवली जातात. जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलात की ॲडॅप्टरची सेटिंगही जुनी होतात. ‘काल तर चालत होतं’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं.

२. कोणता मोड हवा ते ठरवा

व्हीएमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क या भागात ‘अटॅच्ड टू’ नावाची यादी असते. अर्धे प्रश्न या यादीतून चुकीची निवड झाल्यामुळे उभे राहतात, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

एनएटी. नवी व्हीएम बनवली की हाच मोड आपोआप लागतो. आपल्या पेठांमधल्या जुन्या वाड्यासारखी याची रचना आहे. आत बिऱ्हाडं कितीही असोत, रस्त्यावर दरवाजा एकच, आणि बाहेरच्यांना फक्त तोच दिसतो. गेस्ट बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरचा कोणी थेट त्याच्यापर्यंत पोचत नाही, अगदी तुमचा होस्टसुद्धा नाही. पॅकेज उतरवायची आहेत, आज्ञा शिकायच्या आहेत, एवढंच काम असेल तर एनएटीला हातही लावू नका.

एनएटीमध्ये पहिल्या ॲडॅप्टरचे आकडे ठरलेले असतात. गेस्टचा पत्ता १०.०.२.१५, गेटवे (बाहेर जायचा दरवाजा) १०.०.२.२. दोन वेगळ्या व्हीएम एनएटीवर असतील तर दोघींनाही १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो. हा बिघाड नाही. प्रत्येक व्हीएमचं एनएटी वेगळं असतं, म्हणून त्या एकमेकींना दिसतही नाहीत. ‘दोन व्हीएमचा आयपी एकच येतोय, आता काय करू’ असं विचारणाऱ्याला मी आधी मोड विचारतो.

एनएटी नेटवर्क. नाव जवळपास तेच, पण काम वेगळं. यात अनेक व्हीएम एकाच नेटवर्कात येतात, एकमेकींना दिसतात आणि बाहेरही जातात. हे नेटवर्क आधी व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये तयार करावं लागतं. नाहीतर यादीत निवडलं तरी खालचं नाव रिकामंच राहतं.

ब्रिज्ड. गेस्ट थेट तुमच्या राउटरशी बोलतो आणि घरातल्या मोबाइलसारखा त्यालाही राउटरकडून स्वतंत्र पत्ता मिळतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. घरातल्या दुसऱ्या मशीनवरून व्हीएमला गाठायचं असेल तर हा मोड. घरच्या ब्रॉडबँडवर छान चालतो. कॉलेज आणि होस्टेलमध्ये मात्र डोकेदुखी होतो, त्याबद्दल पुढे.

होस्ट-ओन्ली. फक्त होस्ट आणि गेस्ट यांच्यातलं नेटवर्क. होस्टचा पत्ता १९२.१६८.५६.१ आणि गेस्टला बहुधा १९२.१६८.५६.१०१ पासून पुढचे. यातून इंटरनेट मिळत नाही, आणि तसं अपेक्षितही नाही.

इंटर्नल नेटवर्क. फक्त व्हीएमची आपापसातली जोडणी. पत्ते वाटणारं कोणी नसतं, ते हाताने द्यावे लागतात. नवशिक्याने हा मोड तूर्त सोडून द्यावा.

माझा सल्ला: पहिला ॲडॅप्टर एनएटी, दुसरा होस्ट-ओन्ली. पहिल्यातून इंटरनेट, दुसऱ्यातून होस्टवरून एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून टर्मिनल उघडायची सोय. ही जोडी घरी, कॉलेजात, अगदी पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये हॉटस्पॉटवरसुद्धा सारखीच चालते, कारण बाहेरचं नेटवर्क बदललं तरी गेस्टमध्ये काही बदलावं लागत नाही.

३. गेस्टमध्ये शिरण्याआधी

सेटिंगच्या त्याच पानावर तीन गोष्टी बघा. ‘एनेबल नेटवर्क ॲडॅप्टर’वर टिक आहे का? मोड तुम्ही ठरवलेलाच आहे का? आणि प्रगत भागात ‘केबल कनेक्टेड’वर टिक आहे का? काही आवृत्त्यांत हा प्रगत भाग दडलेला असतो. बाण दाबून किंवा एक्स्पर्ट पर्याय निवडून तो उघडावा लागतो. केबलची टिक निघालेली असेल तर लिनक्समध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

तिथेच ॲडॅप्टरचा प्रकारही दिसतो. इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉप हा प्रकार लिनक्स विनातक्रार ओळखतं. व्हर्टिओ-नेट जास्त वेगवान आहे आणि आजच्या सगळ्या प्रमुख लिनक्सना तो चालतो. पीसीनेट कुणी सांगितलं तरी निवडू नका, तो फार जुन्या सिस्टिमसाठी आहे. प्रकार बदलायचा तर व्हीएम पूर्ण बंद हवी. सेव्ह करून ठेवलेली चालत नाही.

४. गेस्टमध्ये खालून वर पाच प्रश्न

हा या लेखाचा गाभा. पाच प्रश्न याच क्रमाने विचारायचे. ज्या प्रश्नाला ‘नाही’ येईल तिथे थांबायचं आणि पुढचं काही बघायचं नाही.

पहिला प्रश्न: कार्ड जोडलेलं आहे का?
‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्या. ‘एलओ’ नावाची ओळ सोडून द्या, ती गेस्टची स्वतःशीच असलेली जोडणी आहे. तिच्या खाली ईएनपी०एस३ असं काहीतरी दिसेल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पहिल्या ॲडॅप्टरचं नाव बहुधा ईएनपी०एस३ आणि दुसऱ्याचं ईएनपी०एस८ असतं. जुन्या पुस्तकांत ईटीएच० लिहिलेलं असतं. ते नाव तुमच्याकडे नसेल तर घाबरू नका, पण पुस्तकातली आज्ञा जशीच्या तशी उतरवू नका. आपल्या कार्डाचं नाव घाला.

ओळीत ‘स्टेट अप’ असेल तर पुढे जा. ‘नो-कॅरियर’ लिहिलेलं असेल तर केबलची टिक निघालेली आहे, तिसऱ्या पायरीवर परत जा. नो-कॅरियर नाही आणि नुसतं ‘स्टेट डाउन’ असेल तर कार्ड कुणी उठवलेलंच नाही. ‘सुडो आयपी लिंक सेट ईएनपी०एस३ अप’ देऊन बघा. त्याने उठलं तरी रीबूटनंतर पुन्हा झोपेल, कायमचा उपाय पाचव्या पायरीत आहे. आणि ‘एलओ’ सोडून एकही ओळ नसेल, तर ॲडॅप्टर एनेबल केलेला नाही किंवा त्याचा प्रकार लिनक्सला ओळखता आलेला नाही.

दुसरा प्रश्न: पत्ता मिळाला का?
‘आयपी ॲड्रेस’ द्या आणि ‘इनेट’ने सुरू होणारी ओळ शोधा. एनएटी असेल तर १०.०.२.१५ दिसायला हवा. ‘इनेट६’ची एफई८० ने सुरू होणारी ओळ एकटीच दिसत असेल तर फसू नका. तो पत्ता कार्ड स्वतःच घेतं. त्यावरून एवढंच कळतं की कार्ड जिवंत आहे, पण पत्ता वाटणाऱ्याने, म्हणजे डीएचसीपीने, काहीच दिलेलं नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी अर्थ तोच.

तिसरा प्रश्न: गेटवे आहे का, आणि तो उत्तर देतो का?
‘आयपी राउट’ द्या. ‘डीफॉल्ट व्हाया’ने सुरू होणारी ओळ हवी, आणि ती साधारणपणे एकच हवी. त्या ओळीतल्या पत्त्याला ‘पिंग -सी ४’ करा, म्हणजे चार हाका मारून उत्तर येतं का बघा. डीफॉल्टच्या दोन ओळी दिसल्या तर बहुधा होस्ट-ओन्ली ॲडॅप्टरला हाताने पत्ता देताना गेटवेही भरला गेला आहे. तो काढून टाका. होस्ट-ओन्लीला गेटवे कधीच द्यायचा नसतो. दिला की बाहेर जाणारं सगळं चुकीच्या कार्डातून जाऊ लागतं आणि नेट कधी चालतं, कधी बंद पडतं.

चौथा प्रश्न: बाहेरचा आकडी पत्ता लागतो का?
‘पिंग -सी ४ ८.८.८.८’. उत्तर आलं तर इंटरनेट तुमच्यापर्यंत पोचलेलं आहे, मग ब्राउझर काहीही म्हणो. उत्तर आलं नाही तरी लगेच निष्कर्ष काढू नका, काही संस्थांच्या फायरवॉलमध्ये पिंग अडवलेलं असतं. अशा वेळी ‘कर्ल’ने एखादं संकेतस्थळ उघडतंय का बघा. व्हर्च्युअलबॉक्सच्या एनएटीमधून ट्रेसराउटचे निकालही भरवशाचे नसतात, त्यांच्या नादी लागू नका.

पाचवा प्रश्न: नावाचा आकडा मिळतो का?
आता एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करा. आकडी पत्ता लागतो पण नावावर ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ येतं, तर दोष डीएनएसमध्ये, म्हणजे नावाचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत, आहे आणि ॲडॅप्टरला बोटही लावायचं नाही. अडलेल्या दहा जणांपैकी निदान एकजण तरी इथे अडलेला असूनही ब्रिज्ड-एनएटीची अदलाबदल करत बसलेला मला दिसतो.

एक आडवाट. ‘आयएफकॉन्फिग’ दिल्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ आलं म्हणून नेटवर्क बिघडलं असं नाही. ती आज्ञा नेट-टूल्स या वेगळ्या पॅकेजमध्ये असते आणि नव्या उबुंटूत ते आपोआप येत नाही. नेटच नसताना ते पॅकेज टाकायच्या मागे लागू नका. वरच्या ‘आयपी’ आज्ञा सगळीकडे असतात.

५. कार्ड उठत नाही किंवा पत्ता येत नाही

इथे तुमचं लिनक्स कोणतं यावर सगळं अवलंबून आहे. व्हिडिओत एक, तुमच्याकडे दुसरं, असं झालं की गोंधळ ठरलेला.

उबुंटू डेस्कटॉप: नेटवर्कमॅनेजर सगळं बघतो. वरच्या कोपऱ्यातल्या चिन्हातून वायर्ड जोडणी चालू आहे का ते पाहा. सहसा एवढ्यावर भागतं.

उबुंटू सर्व्हर: इथे नेटप्लॅन असतं. इन्स्टॉल करताना जी कार्डं होती तेवढीच त्याला माहीत असतात. नंतर तुम्ही दुसरा ॲडॅप्टर जोडला तर ईएनपी०एस८ ‘आयपी लिंक’मध्ये दिसेल, पण डाउन आणि बिनपत्त्याचं. बिघाड काहीच नाही, फक्त फाइलमध्ये त्याचं नाव लिहायचं राहिलेलं असतं. ईटीसी फोल्डरमधल्या नेटप्लॅन फोल्डरात वायएएमएल शेपटीची फाइल असते. ती सुडोने उघडा. पहिल्या कार्डाच्या नावाखाली ‘डीएचसीपी४’ समोर ‘ट्रू’ लिहिलेलं दिसेल. त्याच पातळीवर, तेवढ्याच स्पेस सोडून, दुसऱ्या कार्डाचं नाव लिहा आणि त्याखाली तीच ओळ द्या.

या फाइलमध्ये डावीकडच्या स्पेसना अर्थ असतो. टॅबचं बटण दाबायचं नाही, स्पेसच द्यायच्या. एक स्पेस इकडेतिकडे झाली की फाइल नाकारली जाते. बदल करून झाल्यावर थेट ‘अप्लाय’ न करता ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ द्या. नवं सेटिंग लागू होतं आणि १२० सेकंदांत एंटर दाबून तुम्ही होकार दिला नाही, तर जुनं आपोआप परत येतं. एसएसएचवरून काम करणाऱ्याला हा मोठा आधार आहे.

फाइलच्या नावात क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला सेटिंग आपोआप लिहिणारा प्रोग्राम) असेल तर सुरुवातीच्या टिपा वाचा. अशी फाइल क्लाउड-इनिट पुन्हा लिहू शकतो, आणि ते कसं थांबवायचं हे त्याच टिपांमध्ये दिलेलं असतं. तिकडे दुर्लक्ष केलंत तर तुमची मेहनत एखाद दिवशी गायब होईल.

आणखी एक नेहमीचा त्रास. व्हीएम चालू होताना स्क्रीन नेटवर्कची वाट बघत दोन मिनिटं थांबते. फाइलमध्ये लिहिलेलं एखादं कार्ड प्रत्यक्षात जोडलेलं नसलं की असं होतं. त्या कार्डाखाली ‘ऑप्शनल’ समोर ‘ट्रू’ लिहा.

रॉकी, अल्मा आणि त्या घराण्यातली बाकीची: इन्स्टॉलरमध्ये नेटवर्कचं एक पान असतं आणि त्यावर कार्ड चालू करायचं बटण असतं. ते चालू न करता पुढे गेलात तर काही आवृत्त्यांत कार्ड कायम बंद राहतं. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ दिल्यावर ‘डिसकनेक्टेड’ दिसेल. ‘सुडो एनएमसीएलआय डिव्हाइस कनेक्ट ईएनपी०एस३’ने ते जोडलं जातं. दर बूटला आपोआप जोडलं जावं म्हणून त्या कनेक्शनचं ‘ऑटोकनेक्ट’ ‘येस’ करा. ‘एनएमटीयूआय’ दिलंत तर हेच काम मेनूतून होतं आणि नवशिक्यांनी ते खुशाल वापरावं. आयएफसीएफजी नावाच्या फाइल आणि ‘सर्व्हिस नेटवर्क रीस्टार्ट’ सांगणारे व्हिडिओ जुन्या आवृत्त्यांचे आहेत, नवव्या आवृत्तीपासून पुढे त्यांच्या मागे जाऊ नका.

६. डीएनएस

उबुंटूत रिझॉल्व्ह-कॉन्फ ही फाइल उघडली की त्यात १२७.०.०.५३ हा पत्ता दिसतो. हा चुकीचा नाही. तो सिस्टिमडी-रिझॉल्व्हडीचा आतला पत्ता आहे. खरा नेमसर्व्हर कोणता हे ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये दिसतं. ही फाइल हाताने बदलू नका. ती आपोआप तयार होते, आणि तुम्ही लिहिलेलं पुसलं जातं.

एनएटीवर डीएनएस अचानक बंद पडण्याचं मला सर्वांत जास्त दिसलेलं कारण साधं आहे. व्हीएम चालू असतानाच होस्टचं नेटवर्क बदललेलं असतं. घरच्या वायफायवर व्हीएम चालू केली, लॅपटॉप मिटला, कॉलेजात जाऊन उघडला. गेस्टकडे अजून घरच्या राउटरचा नेमसर्व्हर आहे, आणि तो कॉलेजातून लागणार कसा? ‘केबल कनेक्टेड’ची टिक काढा, थोडं थांबा, पुन्हा लावा. गेस्ट नव्याने सगळं मागून घेतो. व्हीएम चालू असतानाही ही टिक काढता-लावता येते.

७. ब्रिज्ड आणि कॉलेजचं नेटवर्क

ब्रिज्ड निवडलं की खाली कार्डाचं नाव विचारलं जातं. लॅपटॉपला लॅनचं एक आणि वायफायचं एक अशी दोन कार्डं असतात. ज्या कार्डातून होस्टला आत्ता नेट मिळतंय तेच निवडा. हे नाव रिकामं किंवा ‘नॉट सिलेक्टेड’ दिसत असेल तर विंडोजमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा आणि व्हर्च्युअलबॉक्सचा ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर यादीत आहे का, त्यावर टिक आहे का ते बघा. नसेल तर व्हर्च्युअलबॉक्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा इन्स्टॉल करा. व्हीएम जागच्या जागी राहतात.

वायफायवरचं ब्रिजिंग लॅनइतकं सरळ नसतं. वायरलेस कार्डाला सहसा स्वतःच्याच मॅक पत्त्याने (प्रत्येक कार्डाच्या ओळख क्रमांकाने) बोलता येतं, म्हणून व्हर्च्युअलबॉक्सला मध्ये पत्त्याची अदलाबदल करावी लागते. काही कार्डं आणि काही राउटर यांच्यात हे जमतं, काहींत नाही. घरी ब्रिज्ड हवंच असेल तर लॅनची वायर राउटरला जोडून बघा. चाललं तर दोष वायफायच्या ब्रिजिंगमध्ये होता.

कॉलेज आणि होस्टेलच्या वायफायवर ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं. ते लॉगिन तुमच्या होस्टचं असतं. एनएटीवर गेस्ट होस्टच्याच आडून जातो, त्यामुळे तो चालतो. ब्रिज्डवर गेस्ट वेगळं मशीन ठरतो, त्याचं लॉगिन झालेलं नसतं. तिथे पत्ता मिळेल, गेटवेही कदाचित उत्तर देईल आणि पुढे काहीच जाणार नाही.

लॅबच्या लॅनवर तर ब्रिज्ड विचारल्याशिवाय लावूच नका, कळकळीने सांगतो. अनेक संस्थांच्या स्विचवर एका पोर्टला एकच मॅक पत्ता असा नियम लावलेला असतो. दुसरा मॅक दिसला की स्विच तो पोर्टच बंद करू शकतो. मग व्हीएम राहिली बाजूला, लॅबचा संगणकही नेटवर्कबाहेर जातो आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाने येऊन उघडेपर्यंत तसाच राहतो. तसंच मनाने एखादा पत्ता ठरवून गेस्टला देऊ नका. तो आधीच कुणाकडे असेल तर दोघांचंही काम थांबतं, आणि ते दुसरं मशीन प्रिंटर किंवा कार्यालयाचा सर्व्हरही असू शकतं. लॅब असिस्टंटना आधी विचारा, सर किंवा मॅडम बहुतेक वेळा मोकळा पत्ता देतात.

कॉलेजात प्रॉक्सी (नेटकडे जाताना मध्ये लागणारा सर्व्हर) असेल तर विंडोजच्या ब्राउझरला ती माहीत असते, गेस्टच्या एपीटीला नसते. पाचांपैकी पहिले तीन प्रश्न नीट, चौथा अडतो आणि तो फक्त कॉलेजातच अडतो, असं असेल तर प्रॉक्सीची चौकशी करा.

८. क्लोन केलेली व्हीएम

वेळ वाचवायला मित्राची तयार व्हीएम पेनड्राइव्हवरून आणतात किंवा आपलीच क्लोन करतात, म्हणजे तिची हुबेहूब प्रत काढतात. यात दोन सापळे आहेत आणि दुसरा फार थोड्यांना माहीत असतो.

पहिला मॅक पत्त्याचा. क्लोन करताना मॅक ॲड्रेस पॉलिसी विचारली जाते. तिथे सगळ्या ॲडॅप्टरना नवे पत्ते देण्याचा पर्याय निवडा. एकाच नेटवर्कात दोन सारखे मॅक आले की दोन्ही व्हीएम आळीपाळीने तुटतात. राहून गेलं असेल तर ॲडॅप्टरच्या प्रगत भागात मॅक पत्त्याशेजारचं बटण दाबून नवा घ्या.

दुसरा मशीन-आयडीचा. उबुंटू सर्व्हरमध्ये मॅक वेगळा करूनही ब्रिज्ड, होस्ट-ओन्ली किंवा एनएटी नेटवर्कवर दोन क्लोनना एकच आयपी मिळतो, आणि माणूस चक्रावतो. कारण तिथलं सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीकडे ओळख सांगताना मॅक सांगत नाही. ईटीसीमधल्या मशीन-आयडी फाइलवरून तयार केलेली ओळख सांगतं, आणि ती क्लोनमध्ये जशीच्या तशी आलेली असते. डीएचसीपीला वाटतं मशीन एकच आहे. उपाय दोन. क्लोनमध्ये ‘सुडो ट्रंकेट -एस ०’ने मशीन-आयडी फाइल रिकामी करून रीबूट करायचं, नवा आयडी आपोआप तयार होतो. किंवा नेटप्लॅनच्या फाइलमध्ये त्या कार्डाखाली ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर’ समोर ‘मॅक’ लिहायचं. मी पहिला उपाय करतो, कारण मशीन-आयडी वेगळा असणं इतर कामांसाठीही गरजेचं आहे.

९. होस्टवरून गेस्टला गाठणं

आतून बाहेर नेट चालतं, पण विंडोजमधून एसएसएच लागत नाही. एनएटीवर हे न लागणंच बरोबर आहे. दोन मार्ग आहेत.

पोर्ट फॉरवर्डिंग: एनएटी ॲडॅप्टरच्या प्रगत भागात नियम लिहा. प्रोटोकॉल टीसीपी, होस्ट आयपी १२७.०.०.१, होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट आयपी रिकामा, गेस्ट पोर्ट २२. मग विंडोजच्या टर्मिनलमधून पोर्ट २२२२ देऊन १२७.०.०.१ ला एसएसएच करायचं. दुसऱ्या व्हीएमला होस्ट पोर्ट वेगळा द्या, उदाहरणार्थ २२२३.

होस्ट-ओन्ली: दुसरा ॲडॅप्टर जोडा, नेटप्लॅनमध्ये लिहा, १९२.१६८.५६ चा पत्ता मिळाला की थेट त्याच पत्त्यावर एसएसएच.

तरी लागलं नाही तर निरोप नीट वाचा. होस्ट-ओन्ली किंवा ब्रिज्डवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण आत ऐकणारं कोणी नाही. ओपनएसएसएच-सर्व्हर टाकलेलं नाही किंवा चालू नाही. ‘एसएस -टीएलएन’ देऊन २२ नंबर दिसतो का बघा. ‘टाइम्ड आउट’ आलं तर पत्ता चुकीचा आहे किंवा फायरवॉल अडवते आहे. उबुंटूत ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’ पाहा आणि गरज असेल तर ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच’. फायरवॉल पूर्ण बंद करायची सवय मात्र लावून घेऊ नका.

१०. व्हीएमवेअर किंवा केव्हीएम वापरत असाल तर

पाच प्रश्न तेच, नावं वेगळी. व्हीएमवेअरमध्ये व्हीएमनेट० ब्रिज्ड, व्हीएमनेट१ होस्ट-ओन्ली आणि व्हीएमनेट८ एनएटी. कार्डाचं नाव बहुधा ईएनएस३३ असतं. एनएटीवर पत्ता मिळत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये व्हीएमवेअर एनएटी सर्व्हिस आणि व्हीएमवेअर डीएचसीपी सर्व्हिस चालू आहेत का बघा. तिथे अजूनही अडलं तर व्हर्च्युअल नेटवर्क एडिटरमध्ये रिस्टोअर डीफॉल्ट्स.

केव्हीएममध्ये ‘डीफॉल्ट’ नावाचं नेटवर्क असतं आणि पत्ते १९२.१६८.१२२ चे. ‘सुडो व्हर्श नेट-लिस्ट --ऑल’मध्ये ते बंद दिसलं तर ‘नेट-स्टार्ट डीफॉल्ट’ आणि कायमसाठी ‘नेट-ऑटोस्टार्ट डीफॉल्ट’.

११. लाइट गेल्यानंतर

उन्हाळ्यात लाइट जाते, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि राउटर बंद पडतो. लाइट आल्यावर ब्रिज्ड गेस्टकडे जुनाच पत्ता असतो, राउटरने तो कदाचित दुसऱ्याला दिलेला असतो. उबुंटू सर्व्हरमध्ये ‘सुडो नेटवर्कसीटीएल रिन्यू ईएनपी०एस३’ने नवा पत्ता मागता येतो. व्हीएमचा पत्ता बदलू नये असं वाटत असेल तर राउटरमध्येच गेस्टच्या मॅकसाठी पत्ता राखून ठेवा.

सेव्ह केलेली व्हीएम दुसऱ्या दिवशी उघडली की तिचं घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं. मग एपीटी म्हणतं फाइल ‘नॉट व्हॅलिड येट’, ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करतो आणि सगळं नेटवर्कचंच दुखणं वाटतं. पाचही प्रश्नांना ‘हो’ येत असेल तर ‘टाइमडेटसीटीएल’ देऊन वेळ तपासा.

१२. मदत मागताना काय पाठवायचं

एवढं करूनही सुटलं नाही तर सीनियरला किंवा सरांना ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहू नका. हे पाठवा:

- होस्ट कोणता, व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती, गेस्टचं नाव आणि आवृत्ती
- प्रत्येक ॲडॅप्टरचा मोड
- होस्टला नेट कशातून मिळतं: घरचं वायफाय, लॅन, हॉटस्पॉट की कॉलेज
- ‘आयपी लिंक’, ‘आयपी ॲड्रेस’ आणि ‘आयपी राउट’ यांचं पूर्ण आउटपुट
- पाचपैकी कोणत्या प्रश्नावर अडलं आणि स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलं
- आतापर्यंत काय काय बदललं, क्रमाने

स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो टाळा, आकडे वाचता येत नाहीत. एसएसएच लागत असेल तर मजकूर कॉपी करा, नाहीतर व्हर्च्युअलबॉक्सच्या व्ह्यू मेनूतून स्क्रीनशॉट घ्या. पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम किंवा वायफायचा पासवर्ड त्यात दिसत नाही ना, हे पाठवण्याआधी एकदा बघून घ्या.